ठिणगी कोणी वाटायची? डिस्ट्रिब्युटरच्या उदयास्ताचा इतिहास

मुंबईतला जुलै महिना. हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचलेले आणि त्यात एक काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी बंद पडलेली. चालक खाली उतरतो, बॉनेट उघडतो, इंजिनाच्या कडेला असलेल्या एका काळ्या टोपीच्या दोन क्लिपा सोडवतो, ती आतून कोरड्या फडक्याने पुसतो आणि पुन्हा बसवतो. गाडी बहुधा सुरू होते. १९७० ते १९९० या दशकांतील मुंबईकरांना हे दृश्य इतके परिचित होते, की त्या टोपीखाली काय आहे हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

त्या टोपीखाली होता डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चार सिलिंडरांना आळीपाळीने ठिणगी वाटून देणारा वाटप्या. आतल्या बाजूस ओल धरली की हजारो व्होल्टची वीज प्लगपर्यंत न जाता ओल्या पृष्ठभागावरून सोयीची वाट शोधी आणि इंजिन गप्प होई. आजच्या पेट्रोल गाडीत ही टोपी शोधून सापडत नाही. एवढेच नव्हे, तर जुन्या गाड्या जपणारे अनेक हौशी लोक आपल्या पन्नास-साठ वर्षे जुन्या इंजिनातून ती काढून टाकतात आणि तिच्या जागी संगणकाच्या इशाऱ्यावर चालणारे, डिस्ट्रिब्युटरविना प्रज्वलन बसवतात.

जुने गेले आणि नवे आले, अशी ही सरळ गोष्ट वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. डिस्ट्रिब्युटर हा मोटारीचा आद्य अवयव नव्हे. त्याच्या आधी लक्षावधी गाड्या त्याच्याशिवाय धावत होत्या. तो आला तो मुख्यत्वे काटकसरीसाठी, आणि काटकसरीचे कारण संपले तेव्हा गेला.

प्रथम गरज काय होती ते पाहू. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत एक ठिणगी लागते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या. प्रत्येक ठिणगी योग्य सिलिंडरात आणि योग्य क्षणी पडली पाहिजे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पेटून पूर्ण दाब निर्माण व्हायला थोडा अवधी लागतो. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी टाकावी लागते. वेग वाढला की ती आणखी आधी टाकावी लागते, कारण ३००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट एका सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरून गेलेला असतो. गॅरेजमध्ये ज्याला ‘टायमिंग’ म्हणतात ते हेच. ते चुकले तर इंजिन तापते, ठोके देते किंवा हँडल मारणाऱ्याचे मनगट मोडते.

मोटारीच्या जनकांना या प्रश्नाने छळले. एटिएन लेन्वार याने १८६० मध्ये आपले गॅस इंजिन विजेच्या ठिणगीवर चालवले होते. परंतु ते एका जागी उभे असलेले, संथ यंत्र होते. गोटलीब डाइमलर याने विजेचा नाद सोडून दिला आणि ज्योतीवर लाल तापवलेली नळी सिलिंडरला जोडली. युक्ती साधी, पण प्रज्वलनाचा क्षण तिच्यात हवा तसा पुढे-मागे करता येत नसे, शिवाय पेट्रोलशेजारी सतत पेटती ज्योत बाळगावी लागे. कार्ल बेंझ याने १८८६ च्या आपल्या तीनचाकी गाडीत बॅटरी आणि थरथरणारी पट्टी असलेली कॉइल वापरली. सर्व अडचणींत प्रज्वलनाची अडचण मोठी, असे त्याचे मत होते. त्याच १८८६ साली श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश याने आपली छोटी कार्यशाळा उघडली. पुढच्याच वर्षी त्याने स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला, १८९७ मध्ये तो एका दी दियाँ-बुताँ तीनचाकीवर बसवला, आणि १९०२ मध्ये त्याचा सहकारी गोटलोब होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग यांची जोडी सिद्ध केली. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करी; त्याला बॅटरी लागत नसे. विमानाच्या पिस्टन इंजिनांत तो आजही याच गुणामुळे टिकून आहे.

आता या कथेतील सर्वांत बोलके उदाहरण. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डची मॉडेल टी सुमारे दीड कोटी संख्येने बनली. तिच्या फ्लायव्हीलवर १६ चुंबके बसवलेली असत. इंजिन फिरले की वीज तयार होई. चालकासमोर एक लाकडी पेटी असे आणि तिच्यात चार कॉइल, प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एक. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक फिरती कळ होती. ती उच्च दाबाची वीज वाटत नसे. ‘आता तुझी पाळी’ एवढेच संबंधित कॉइलला कमी दाबाच्या विजेने सांगत असे. आजच्या गाडीत प्रत्येक प्लगवर एक कॉइल असते आणि संगणक तिला तिची पाळी सांगतो. दोन्ही आराखडे शेजारी मांडून पाहावेत. मधली शंभर वर्षे वगळली तर फरक फक्त इशारा देणाऱ्याचा आहे.

आणि मॉडेल टीमध्ये ‘किती आधी’ हे कोण ठरवत होते? चालकाचा डावा हात. स्टीअरिंगच्या खाली दोन दांड्या असत. उजवीकडची पेट्रोलची आणि डावीकडची ठिणगीची. हँडल मारण्यापूर्वी डावी दांडी मागे घ्यायची, इंजिन सुरू झाले की हळूहळू पुढे न्यायची, चढ लागला की पुन्हा थोडी मागे. दांडी मागे घ्यायला विसरले, तर ठिणगी वेळेआधी पडून इंजिन उलटे झटका देई आणि लोखंडी हँडल हातावर आदळे. टायमिंग हे तेव्हा गाडी चालवण्याचेच एक अंग होते. जो ऐकू शकत होता तोच चांगला चालक.

तरीही या व्यवस्थेत दोन दोष होते. चार कॉइल म्हणजे चौपट तांब्याची तार, चौपट खर्च. आणि चार पट्ट्या कधीच एकसारख्या थरथरत नसत. एका सिलिंडरला ठिणगी किंचित आधी तर दुसऱ्याला किंचित उशिरा मिळे.

यावर उत्तर शोधणारा माणूस मोटारीच्या धंद्यातला नव्हता. ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग हा अभियंता गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत काम करत असे. गल्ल्याचा खण विजेवर उघडणारी मोटर त्याने तयार केली होती. सहकारी एडवर्ड डीड्स याच्या घरामागच्या कोठारात फावल्या वेळी त्याने मोटारीच्या प्रज्वलनावर प्रयोग आरंभले. १९०९ मध्ये कॅडिलॅकने त्याच्या प्रज्वलन संचांची ८००० नगांची मागणी नोंदवली आणि त्यातून डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, म्हणजेच डेल्को, उभी राहिली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगचा विजेवरचा स्टार्टरही आला. स्टार्टरसाठी गाडीत मोठी बॅटरी आली, ती भरण्यासाठी जनरेटर आला. मग प्रज्वलनासाठी वेगळ्या मॅग्नेटोचा भार कशासाठी वाहायचा?

केटरिंगची योजना अशी: चार कॉइलऐवजी एकच. तिच्या आतल्या गुंडाळीतून बॅटरीची वीज वाहते, ती एका छोट्या कळीतून, जिला आपल्याकडचे मेकॅनिक ‘पॉइंट’ म्हणतात. फिरता उंचवटा पॉइंट उघडतो, वीज अचानक तुटते, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या, शेकडो पटींनी नव्हे तरी सुमारे शंभर पटींनी अधिक वेढ्यांच्या गुंडाळीत १५-२० हजार व्होल्टचा दाब उसळतो. पॉइंटवरच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि वीज झटक्यात तुटावी म्हणून शेजारी कंडेन्सर. उसळलेली वीज टोपीच्या मधल्या तारेने आत येते, फिरत्या रोटरवर उतरते आणि रोटर ज्याच्यासमोर असेल त्या सिलिंडरच्या तारेत उडी घेते. एक कॉइल, एक कळ, एक वाटप्या. सर्व सिलिंडरांचा क्षण एकाच कळीने ठरत असल्याने थरथरत्या पट्ट्यांची विषमताही गेली. फोर्डनेही १९२७ च्या अखेरीस मॉडेल ए आणताना चार कॉइलची पेटी सोडून एक कॉइल व डिस्ट्रिब्युटर स्वीकारला.

पुढे स्टीअरिंगखालची दांडीही नाहीशी झाली. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर स्प्रिंगांनी बांधलेली दोन छोटी वजने आली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जात आणि पॉइंट आधी उघडत. कडेला एक पडदा असलेली डबी आली. इंजिनावर भार कमी असताना तिच्यातील निर्वात ओढ ठिणगी आणखी पुढे खेची. चालकाच्या डाव्या हाताला जे कळत होते, ते दोन वजनांत आणि एका पडद्यात उतरले. हे यंत्रांच्या इतिहासातील लहान स्थित्यंतर नव्हे. मात्र त्याची तारीख कोठे कोरलेली नाही, कारण ते गाडीगणिक, वर्षागणिक घडत गेले.

पुढची साठेक वर्षे जगाने या एका योजनेवर गाडी हाकली. इटलीच्या फियाट ११०० वरून घडलेली आणि वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघणारी, १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली १०८९ सीसीची गाडी असो, की उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर. बॉनेट उघडले की तीच टोपी आणि त्याच पाच जाड तारा.

या योजनेचे आयुष्य पॉइंटच्या दोन ठिपक्यांवर अवलंबून होते. ते जळत, खड्डे पडत, उंचवट्यावर घासणारी टाच झिजे आणि जेमतेम ०.४ मिलिमीटरची फट बदलत जाई. फट बदलली की टायमिंग बदलले. म्हणून दर काही हजार किलोमीटरला पॉइंट घासणे आणि फट लावणे आले. फीलर गेज नसेल तर जाड कागदाच्या कपट्यावर, पॉलिश पेपरच्या तुकड्याने, झाडाखाली. ‘गाडी मिसिंग मारते’ हे ऐकताच पहिला हात टोपीकडे जाई. लाखो माणसांना इंजिनाचे मर्म एका स्क्रूड्रायव्हरने गवसत होते आणि हजारो गॅरेजांची चूल त्यावर पेटत होती. त्याचबरोबर हेही खरे, की रस्त्यावरील बहुतेक गाड्या कोणत्याही दिवशी थोड्याफार चुकीच्या टायमिंगवर धावत होत्या आणि अर्धवट जळलेले पेट्रोल हवेत सोडत होत्या. त्या काळाविषयीच्या हळव्या आठवणींत हा धूर बहुधा गाळला जातो.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. पॉइंटचे काम तो न झिजता करू शकतो, हे अभियंत्यांना लवकर उमगले. १९६३ मध्ये अमेरिकेत पॉन्टिअॅकने ट्रान्झिस्टरवर चालणारे, पॉइंटविरहित प्रज्वलन ऐच्छिक सुविधा म्हणून देऊ केले. फारसे कोणी घेतले नाही. किंमत जास्त होती, आणि पॉइंट तर गल्लीतला कोणीही दुरुस्त करत होता. केवळ उत्तम असल्याने तंत्र रुजत नाही, हे इतिहासात वारंवार दिसते. कोणाला तरी त्याची निकड भासावी लागते.

ती निकड कायद्याने निर्माण केली. १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्याने गाडीच्या धुराची मर्यादा ठरवली, आणि ती नवी असताना पाळून भागणार नव्हते. ५ वर्षे किंवा ५०,००० मैल पाळायची होती. पॉइंट तेवढे टिकणे अशक्य. १९७५ च्या गाड्यांपासून धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बसू लागले. एखादी ठिणगी चुकली की न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन पेटते आणि ते महागडे यंत्रच भाजून निघते. क्रायस्लरने १९७३ च्या अमेरिकी गाड्यांत आणि जनरल मोटर्सने १९७५ मध्ये पॉइंटविरहित प्रज्वलन सरसकट आणले. जे यंत्र कोणी ऐच्छिक म्हणून घेतले नव्हते, ते दहा-बारा वर्षांत अनिवार्य झाले.

पॉइंट गेले, टोपी आणि रोटर मात्र राहिले. १९७९ मध्ये बॉशची मोट्रॉनिक प्रणाली बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये आली. इंधन आणि ठिणगी दोन्ही एकच संगणक ठरवू लागला. क्रँकशाफ्टजवळचा सेन्सर त्याला क्षणाक्षणाची स्थिती कळवी. आता वजने आणि पडदा निरर्थक झाले. डिस्ट्रिब्युटरकडे उरले ते केवळ वाटपाचे काम, आणि तेही एक कॉइल वाचावी एवढ्यासाठी. पण कॉइल आता स्वस्त होती.

१९८४ मध्ये ब्युइकच्या टर्बो व्ही-६ इंजिनात तीन कॉइल आल्या आणि डिस्ट्रिब्युटर गेला. सहा सिलिंडरांना तीनच कॉइल कशा पुरल्या? जे दोन पिस्टन एकाच वेळी वर येतात, त्यांना एका कॉइलची दोन टोके जोडायची. त्यांतील एक दाबाच्या फटक्यात असतो, दुसरा जळका वायू बाहेर ढकलत असतो. ठिणगी दोघांनाही पडते. एकात काम होते, दुसऱ्यात ती वाया जाते. या वाया ठिणगीने कोणाचे काही बिघडत नाही. मौजेची गोष्ट अशी, की १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएनच्या साध्यासुध्या २सीव्हीच्या दोन सिलिंडरांना हीच युक्ती लावलेली होती. एक कॉइल, दोन टोके, डिस्ट्रिब्युटर नाही. संगणक तर दूरच, तिथे साधे पॉइंट होते. शेतकऱ्याच्या गाडीत जितके भाग कमी तितके बरे, एवढाच त्यामागचा विचार.

भारतात हा बदल उशिरा आणि पुन्हा कायद्याच्याच हाताने आला. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचे झाले आणि त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले आणि उत्सर्जनाचे नवे मापदंड लागू झाले. कार्बोरेटर आणि टोपीच्या गाड्या त्या कसोटीला उतरणे अवघड होते. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या मर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली.

आता वळू या त्या हौशी लोकांकडे, जे जुन्या इंजिनाला नवे प्रज्वलन बसवतात. ब्रिटन आणि अमेरिकेत एमजी, मिनी, ट्रायम्फ अशा गाड्यांसाठी या कामाचा जणू प्रघातच पडला, आणि त्याचा कच्चा माल होता भंगारात निघालेल्या फोर्ड गाड्यांतील ईडीआयएस हा संच. क्रँकशाफ्टच्या पुलीवर ३६ दात्यांच्या जागा असलेले पोलादी चाक बसवायचे, पण त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला. म्हणजे दाते ३५. दर दाता १० अंशांचा. दाते समोरून जाताना सेन्सरमध्ये विजेच्या लहरी उठतात आणि गाळलेल्या दात्याजवळ लय तुटते. त्या खंडावरून यंत्राला कळते, की क्रँकशाफ्ट नेमका कोठे आहे. चार सिलिंडरांच्या संचात पहिला पिस्टन वरच्या टोकाला येण्याआधी ९० अंशांवर हा खंड सेन्सरसमोर यावा लागतो. चाक किंचित वाकडे बसले, सेन्सरमधली फट मोठी राहिली किंवा प्लगच्या तारा विद्युत गोंगाट दाबणाऱ्या नसल्या, तर इंजिन सुरूच होत नाही आणि दोष कोठे आहे हे स्क्रूड्रायव्हर सांगू शकत नाही.

डिस्ट्रिब्युटर उपसून काढणेही वाटते तितके सोपे नाही. अनेक अमेरिकी व्ही-८ इंजिनांत डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचे खालचे टोक तेलाचा पंप फिरवते. तो समूळ काढला तर ठिणगी उत्तम पडेल आणि बेअरिंगे तेलावाचून जळतील. म्हणून अशा इंजिनांत डोके छाटलेला दांडा जागीच ठेवतात.

मात्र खरा पेच पुढे आहे. ईडीआयएसला बाहेरून इशारा मिळाला नाही तर तो ठिणगी कायम १० अंश आधी टाकतो. तेवढ्यावर गाडी रखडत घरी पोहोचते. नीट चालायची असेल तर एक लहान संगणक लागतो आणि त्यात एक कोष्टक भरावे लागते: एका बाजूस वेग, दुसऱ्या बाजूस भार आणि प्रत्येक चौकटीत अंश. हे आकडे आणायचे कोठून? उत्पादकाने साठ वर्षांपूर्वी ते दोन वजनांच्या आणि दोन स्प्रिंगांच्या रूपात लिहून ठेवले होते. पण स्प्रिंग आज सैल झालेल्या आहेत, आणि मूळ आकडे ज्या शिसेयुक्त पेट्रोलसाठी होते ते पेट्रोल उरलेले नाही. भारतात आज पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले इंधन मिळते. तेव्हा जुन्या पुस्तिकेतील आकडे आरंभापुरते घ्यायचे, चढावर गाडी न्यायची, ठोका ऐकू आला की त्या चौकटीतील अंश कमी करायचा, पुन्हा चढ चढायचा. मॉडेल टीचा चालक डाव्या हाताने जे करत होता तेच हे काम. फरक एवढा, की तो ते दर चढाला करी आणि येथे ते एकदा करून लिहून ठेवले जाते.

अशा गाडीला जुनी म्हणावे का, हा वादही आता केवळ हौशी मंडळींच्या गप्पांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले; वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट त्यांत आहे. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा हिच्या सनदेचाही भर मूळ वस्तू जपण्यावर आणि बदल करावाच लागला तर तो परतवता येण्यावर आहे. त्यामुळे जाणकार लोक पुलीला भोक न पाडता चाक जोडतात, मूळ तारेचा जुडगा कापत नाहीत, आणि रिकामी टोपी तिच्या चार तारांसह इंजिनावर तशीच मिरवू देतात. बॉनेट उघडणाऱ्या परीक्षकाला ती जागच्या जागी दिसते. तिच्यातून आता एकही ठिणगी जात नाही.